बाबांच्या फ्लॉप्या आणि तपकीर गल्लीतलं दुकान (५ पैकी साडेतीन)

बाबांच्या अकरा फ्लॉप्या, त्या सव्वापाच इंची लवचिक वाल्या, माळ्यावर सापडल्या. पुण्यातल्या तपकीर गल्लीत एका दुकानात दिल्या, काकांनी कापसाने हळूहळू बुरशी पुसली, जुना ड्राइव्ह लावला, खर्र खर्र करत नऊ वाचल्या पण! प्रत्येकी ३०० रुपये, ठीकच.

अर्धा स्टार का कापला तर फायली उघडल्यावर नुसती टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि काका म्हणे करप्ट आहे, सोडून द्या. अहो करप्ट कुठली, इस्की आहे ते, म्हणजे आपल्या लिप्यांची अक्षरं संगणकात नंबर देऊन साठवायची जुनी पद्धत! हल्लीच्या युनिकोडच्या आधीची, खालचे १२८ कोड इंग्रजीला, वरचे आपल्या लिप्यांना, मराठी क आणि बंगाली क एकाच नंबरवर, काय डोकं लावलं होतं. जिस्ट कार्डपण, म्हणजे संगणकात बसवून आपल्या लिप्या वापरू देणारं कार्ड, त्याच काळातलं, मोहन तांबे वगैरेंचं काम, आयआयटी कानपूरला सुरू झालं मग पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आलं. सी-डॅकचा १९९१ चा परम महासंगणक सगळ्यांना माहितीय, जिस्टचं नाव कोणी काढत नाही.

भाच्याने घरी छोटा प्रोग्राम लिहून अक्षरं बदलली. पहिलीच ओळ, 'ती. आईस शि. सा. न. वि. वि.'

उरलेला एक स्टार पार्किंगचा, गाडी नेऊच नका.