शांत झोपेचे ३१ हजार

मुलुंड-भांडुपकडच्या सोसायट्यांमध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ‘स्पॉन्सर’ म्हणून सुगंधी तेलांची ‘थेरपी’ विकणारे वेलनेसवाले यायला लागले आहेत. हॉलचं भाडं ते भरतात, तिळगूळ ते आणतात, वाण म्हणून लव्हेंडरच्या तेलाची पाच मिलीची बाटली देतात. बदल्यात फक्त एक वही फिरते: नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल. आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीतही फिरली. आईची बिघडलेली तब्येत, ३१,००० रुपये आणि माझ्या नावावरचं एक कर्जखातं, हे सगळं त्या वहीतून निघालं. तक्रार चालू आहे म्हणून त्या वेलनेस सेंटरचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सगळी लिहिते.

कार्यक्रम झकास होता. दिवे मंद, एसी फुल्ल, मोबाइलवर तानपुरा. पांढरा कोट घातलेली एक मुलगी, माझ्या वयाच्या बायकांना ‘ताई’ आणि सत्तरीपुढच्यांना ‘आई’ म्हणणारी. तळहातावर एक थेंब, हात चोळायचे, ओंजळ नाकाशी धरायची, डोळे मिटून चार आकडे मोजत श्वास आत आणि सहा आकडे मोजत बाहेर. डोळे उघडले तेव्हा हॉलमध्ये खरोखर शांतता होती. आमच्या मंडळात हे आरतीच्या वेळीसुद्धा घडत नाही.

मग बीपीचं मशीन. ते आधी एकदा लावलं होतं, तेव्हा बायका जिने चढून नुकत्याच आल्या होत्या, उभ्या-उभ्या बोलत होत्या, हात खाली लोंबत होता. आईचं वरचं बीपी १५२ आलं. ‘थेरपी’नंतर खुर्चीत पाठ टेकून, हात टेबलावर ठेवून, न बोलता मोजलं तर १३०. टाळ्या पडल्या. नंतर आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं असतं आणि हात हृदयाच्या पातळीला हवा असतो. हात खाली लोंबला किंवा माणूस बोलत असला की आकडा वर जातो. म्हणजे पहिलं माप चुकीच्या पद्धतीनं घेतलेलं आणि दुसरं बरोबर पद्धतीनं. लव्हेंडरऐवजी खोबरेल चोळलं असतं तरी तोच आकडा आला असता.

सगळंच थोतांड असतं तर ओळखणं सोपं गेलं असतं. ती मुलगी जे सांगत होती त्यातलं बरंच खरं होतं. वासाची वाट मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांकडे बाकीच्या संवेदनांपेक्षा जास्त थेट जाते, हे खरं. लव्हेंडरमध्ये वास देणारं लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट असतं, हे खरं. जर्मनीत लव्हेंडर तेलाची ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल अस्वस्थतेवर औषध म्हणून मिळते आणि तिच्यावर चाचण्याही झाल्या आहेत, हेही खरं. पण ती कॅप्सूल ठरावीक प्रमाणात बनवलेली आणि पोटात घ्यायची. तिच्या चाचण्यांचा दाखला देऊन डिफ्यूजरमधली, म्हणजे खोलीत वास पसरवणाऱ्या यंत्रातली, वाफ विकता येत नाही. नुसत्या वासाचा प्रश्न असेल तर २००८ साली आयर्लंडमध्ये तरुण मुलींवर झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं, की शरीर सैलावण्यावर परिणाम होतो तो वासापेक्षा ‘यानं काय होईल’ याबद्दल आधी सांगितलेल्या गोष्टीचा. आणि आम्हाला तर तासभर तेच सांगितलं जात होतं.

एका फ्रेंच रसायनतज्ज्ञाची गोष्टही झाली. गॅटफॉसे त्यांचं नाव; प्रयोगशाळेत हात भाजला, लव्हेंडरनं बरा झाला, म्हणून ‘अ‍ॅरोमाथेरपी’ म्हणजे सुगंधी तेलांनी उपचार करण्याची पद्धत जन्माला आली. अपघात १९१० चा, पुस्तक १९३७ चं, दोन्ही खरं. पण ती गोष्ट चिघळलेल्या जखमेची आहे. तिच्यावरून डिप्रेशन कसं बरं होतं हे विचारायला हवं होतं असं तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, अर्थात नंतर, लिफ्टमध्ये.

तिसऱ्या दिवशी फोन आला: तुमच्या आईंचं ‘मन-संतुलन स्कॅन’ मोफत निघालंय. सेंटर पश्चिमेला, एलबीएस रोडजवळ. हातात धातूची एक कांडी धरायची, ती वायरनं लॅपटॉपला जोडलेली, दोन मिनिटांत रंगीत रिपोर्ट. ‘सेरोटोनिन लेव्हल : २३ टक्के.’ सेरोटोनिन हातात कांडी धरून मोजता येत नाही. तसं मोजणारं यंत्र कुठल्याच हॉस्पिटलात नाही. आमच्याच बिल्डिंगमधल्या आणखी दोघींचे रिपोर्ट नंतर जमवले, दोन्हींवर २३ टक्के.

पॅकेज असं होतं: सात चक्रांची सात तेलं, दहा-दहा मिलीच्या निळ्या काचेच्या बाटल्या, एक डिफ्यूजर, सहा सिटिंग्ज. किंमत ४५,०००, ‘हळदीकुंकू ऑफर’मध्ये ३१,०००. बाटल्यांवर सोनेरी अक्षरांत ‘थेराप्युटिक ग्रेड’. अशी ग्रेड देणारी कुठलीही सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय संस्था नाही. ज्याला वाटेल तो छापतो. बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही, उत्पादकाचा पत्ता नाही. सातांत एक गुलाबाचं तेल होतं. एक किलो अस्सल गुलाब तेलाला साडेतीन-चार टन पाकळ्या लागतात, म्हणजे दहा मिलीला तीस किलोच्या वर. दादरच्या फूलबाजारात जाणाऱ्या कुणालाही विचारा तीस किलो गुलाबाचे किती होतात, आणि वर ते ऊर्ध्वपातन करायचं.

आता आईचं. बाबा गेल्यापासून ती रात्री झोपेसाठी क्लोनाझेपामची अर्धी गोळी घेते, डॉक्टरांच्या चिठ्ठीनं. सेंटरची कन्सल्टंट म्हणाली, “आई, हे केमिकल आहे, आपल्या तेलाला काम करू देत नाही. आजपासून बंद.” आईनं बंद केली. पहिल्या दोन रात्री ती छान झोपली. मी सेंटरच्या ग्रुपवर तसं लिहिलंही, त्याचा स्क्रीनशॉट त्यांनी पुढे जाहिरातीत वापरला.

ती झोप तेलाची नव्हती. क्लोनाझेपाम शरीरातून सावकाश उतरतं; गोळी थांबवली तरी दोन-तीन दिवस तिचा अंमल शिल्लक असतो. चौथ्या रात्रीपासून झोप पूर्ण गेली. छातीत धडधड, घाम, हातांना कंप; चहाचा कप बशीवर वाजायचा. साध्या कुकरच्या शिट्टीला दचकायची. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं: “हे टॉक्सिन बाहेर पडतायत, हीलिंग क्रायसिस आहे, थेंब दुप्पट करा.” आम्ही डिफ्यूजर दुप्पट थेंबांनी, एसी लावलेल्या बंद खोलीत चालवला, त्यानं सगळ्यांची डोकी धरली. शेवटी फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एका वाक्यात सांगितलं की ही गोळी अचानक तोडल्याचा परिणाम आहे आणि अशात झटकेसुद्धा येऊ शकतात. गोळी परत सुरू झाली. सोडायचीच असेल तर हळूहळू, महिन्यांच्या हिशेबानं, त्यांच्या देखरेखीखाली कमी करायची. कुणाच्या घरी असं कुणी ‘गोळ्या बंद करा’ म्हणालं, तर पैशाचा विचार मागाहून करा, आधी डॉक्टरांना फोन लावा.

त्याच किटबरोबर मुलांसाठी ‘फोकस ब्लेंड’ घ्या म्हणत होते, त्यात कापूर आणि निलगिरी. माझ्या भाचीला लहानपणी आकडी यायची, म्हणून वहिनीनं हात लावला नाही, ते बरं झालं. मेंदूवर खरोखर जोरात परिणाम करणारी तेलं आहेतच, पण ती शांत करत नाहीत. कापूर आणि निलगिरीमुळे झटके आल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, बंगळुरूच्या मेंदूतज्ज्ञांनी तर निलगिरीचं तेल नुसतं हुंगल्यानंतर झटके आलेले रुग्ण नोंदवले आहेत. सेंटरच्या पत्रकात याचा उल्लेखही नव्हता.

तेल काय होतं ते कळलं योगायोगानं. मावसभाऊ अगरबत्तीला सुगंध पुरवणाऱ्यांकडे कामाला होता. त्यानं बाटली उघडून वास घेतला, मग स्टीलच्या पेल्यातलं पाणी काचेच्या ग्लासात ओतायला सांगितलं आणि ‘लव्हेंडर’चे तीन थेंब सोडले. थेंब सरळ तळाला गेले आणि पारदर्शक मण्यांसारखे तिथेच बसले. “हे डीईपी आहे,” तो म्हणाला. लव्हेंडरचं तेल पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगायला हवं. डीईपी म्हणजे डायइथाइल थॅलेट, अत्तर-अगरबत्तीच्या धंद्यात वास पातळ करायला सर्रास वापरतात. रंग नाही, वास जवळजवळ नाही, पाण्याहून जड. लवंगेचं आणि दालचिनीचं तेल अस्सल असलं तरी बुडतं, त्यामुळे ही परीक्षा सगळ्या तेलांना लावू नका, पण लव्हेंडरला चालते. कागदावरही एक थेंब टाकला. लव्हेंडर उडून जातं, आमचा डाग दुसऱ्या दिवशीही ओला होता.

त्याच्या ओळखीनं एका लॅबमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून दाखवणारी तपासणी, करून घेतली. बहुतांश डीईपी, त्यात थोडं लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट. अस्सल लव्हेंडरमध्ये लॅव्हेंड्युलिल अ‍ॅसिटेटसारखे इतरही डझनावारी घटक असतात, ते इथे नव्हतेच. म्हणजे कारखान्यातली दोन सुगंधी रसायनं, ढवळून.

पैशाचा भाग ऐका, कारण सगळ्यात हुशारीनं तोच रचलेला होता. “ताई, आत्ता काही देऊ नका, नो कॉस्ट ईएमआय आहे.” माझ्याच फोनवर त्यांच्या मुलीनं फॉर्म भरला, ओटीपी तिनंच वाचून टाकला. ते सेंटरचे हप्ते नव्हते, एका फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं कर्ज होतं. सेंटरला पूर्ण रक्कम त्याच दिवशी मिळाली. डिजिटल कर्जाला आरबीआयच्या नियमानुसार कूलिंग-ऑफची मुदत असते. तेवढ्यात मुद्दल आणि झालेल्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. पण ही मुदत थोड्याच दिवसांची, आणि सेंटरचं म्हणणं असं की “आठ दिवस वापरा, नाही पटलं तर बोलू.” आठ दिवसांनी गेले तेव्हा मुदत संपली होती आणि बाटल्यांची सीलं फुटलेली, म्हणून परत घेत नाही. बिलावर तेलाचं नावच नाही. ‘ब्युटी अँड रिलॅक्सेशन सर्व्हिसेस’ असं लिहिलंय.

रडत बसण्यापेक्षा पैसे वसूल करा, हा त्यांचा पुढचा सल्ला. ५,००० भरून ‘वेलनेस पार्टनर’ व्हा, तीन बायका आणा, प्रत्येकीमागे कमिशन. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनुसार विक्रेता होण्यासाठी प्रवेश फी घेता येत नाही आणि माणसं जोडण्याच्या साखळीवर चालणाऱ्या पिरॅमिड योजनांना बंदी आहे. मंडळाच्या दोघीजणी पार्टनर झाल्यात, त्यामुळे आता आमच्याकडे हा विषय निघाला की चहा लवकर संपतो.

काय केलं ते सांगते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून सेंटरला पत्र गेल्यावर न वापरलेल्या सिटिंग्जचे ६,००० परत आले, बाकीचे नाही. पत्रकावर बीपी, शुगर आणि फिट्सवर ‘खात्रीशीर उपाय’ छापलेला होता. अशी जाहिरात १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात बसते, म्हणून ते पत्रक आणि बाटल्यांचे फोटो वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) कार्यालयात देऊन पोच घेतली. फायनान्स कंपनीला हप्ता चुकवलेला नाही. चुकवला तर सिबिल स्कोअर माझाच खराब होणार, सेंटरचा नाही; भांडण वेगळं ठेवलंय.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जायचं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, वकील लागतोच असं नाही. एकाच प्रकारे फसलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करू शकतात, आणि सात निळ्या बाटल्या, २३ टक्क्यांचा रिपोर्ट व ‘रिलॅक्सेशन सर्व्हिसेस’चं बिल आणखी बऱ्याच घरांत असणार. असेल तर तेल फेकू नका, निदान एक बाटली सील तशीच ठेवा. कन्सल्टंटचे व्हॉइस मेसेज डिलीट करू नका, गोळी बंद करायला सांगितल्याचा पुरावा आमच्याकडे त्यातूनच मिळाला. कर्जाचं स्टेटमेंट आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांची झेरॉक्स काढून ठेवा आणि कळवा; अर्ज पुढच्या महिन्यात टाकतोय, सध्या आम्ही चौघी आहोत.