मासींचं घर: सनीवेलमधल्या घरगुती डे-केअरचे अकरा महिने

माझी रजा संपली तेव्हा लेक सात महिन्यांचा होता. सासूबाई सहा महिने राहून पुण्याला परतल्या होत्या आणि कॅलिफोर्नियात आमचं दुसरं कुणी नाही. पहिला पर्याय अगदी दाराशी होता, आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या एक मराठी काकू. गरम वरणभात, कानावर मराठी, फीसुद्धा कमी. पण त्या चार घरांची पाच मुलं सांभाळत होत्या आणि परवाना नव्हता. इथला नियम असा, की नात्यातली मुलं आणि त्याखेरीज एकाच कुटुंबाची मुलं सांभाळली तर परवाना लागत नाही, दुसरं कुटुंब आलं की लागतो. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं, आपल्या माणसांत कसला परवाना?" तेव्हा मला ते पटलंही असतं. पण आतल्या खोलीत डबल बेडवर, उशांच्या तटबंदीत, चार महिन्यांचं एक बाळ पालथं झोपलं होतं आणि काकू तिकडे पोळ्या लाटत होत्या. घरी येऊन मी परवाना असलेल्या घरांची यादी उघडली.

त्यातून सापडल्या मासी, म्हणजे गुजरातीत मावशी. वडोदऱ्याच्या, पन्नाशीच्या. (लेक त्यांना 'माशी' म्हणतो, त्यावर सासूबाई फोनवर अजून हसतात.) राज्याच्या संकेतस्थळावर परवान्याचा क्रमांक टाकला की त्या घराची तपासणी कधी झाली, काय चुकलं, हे वाचता येतं. मुलांना थेट धोका असेल तर 'टाइप ए', दुरुस्त न केल्यास पुढे धोका होईल असं असेल तर 'टाइप बी'. मासींच्या नावावर एक टाइप बी होता. आग लागली तर बाहेर पडण्याच्या सरावाची नोंद लिहिलेली नव्हती. खरं सांगायचं तर कोऱ्या पाटीपेक्षा ती एक ओळ बघून मला बरं वाटलं. कुणीतरी येऊन वही उघडून बघितली होती.

सगळ्यात जास्त कुरकुर झाली ती झोपण्यावरून. इथे परवान्याच्या घरात वर्षाच्या आतलं बाळ पाठीवरच झोपवायचं, रिकाम्या क्रिबमध्ये, म्हणजे कठड्याच्या बाळपलंगात. पांघरूण नाही, उशी नाही, गुंडाळणं तर नाहीच. दोन वर्षांपर्यंत दर १५ मिनिटांनी जाऊन बघायचं आणि तसं लिहून ठेवायचं. आमचा लेक जन्मल्यापासून आजीच्या मऊ दुपट्यात गुरफटून झोपलेला. पहिले नऊ दिवस दुपारी वीस मिनिटांच्या वर झोपला नाही. मी विनवलं, "मासी, फक्त दुपटं द्या ना." त्यांनी ते घडी घालून माझ्याच पिशवीत परत ठेवलं. राग आला होता. दहाव्या दिवशी तो दीड तास झोपला आणि त्यांच्या कागदावर सहा नोंदी होत्या. सासूबाईंनी कौतुकाने पाठवलेला चाकांचा वॉकरही असाच घरी परत आला. तो या घरांत ठेवायलाच बंदी आहे.

आता तक्रार. मासींचा परवाना 'लहान', म्हणजे कमी मुलांसाठीचा, आणि त्यात मुलांची बेरीज वयावर चालते. सहा मुलं असतील तर दोन वर्षांखालची जास्तीत जास्त तीन. सहाच्या वर, म्हणजे आठपर्यंत न्यायची तर मोठ्या मुलांच्या वयाच्या अटी आहेत आणि बाळं दोनच चालतात. मासींकडे रोजची सहा, त्यात बाळं तीन. नाताळच्या सुट्टीत मी न सांगता तीन वाजता गेले (मुलं तिथे असताना पालक केव्हाही, न कळवता आत जाऊ शकतात, हा लेखी हक्क आहे), तर सात डोकी. एका मुलाची सात वर्षांची बहीण शाळा बंद म्हणून आलेली. "दोनच दिवस आहे, बेटा," मासी म्हणाल्या. मोठी मुलगी, शांतपणे चित्र रंगवत बसलेली. पण त्याच वेळी एक बाळ रडत होतं, एकाचा डायपर बदलायचा होता आणि मासींना हात दोनच. मी तक्रार नोंदवली नाही. त्यांना तोंडावर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी आली नाही आणि तिच्या आईने माझ्याशी बोलणं जवळपास सोडलंय. अवघडलेपण अजून आहे.

उलट, मासींचा मुलगा १८ वर्षांचा झाला त्या आठवड्यात त्यांनी त्याला स्वतः बोटांचे ठसे द्यायला नेलं, कारण त्या घरात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाची पार्श्वभूमी तपासली जाते. फेब्रुवारीत तपासनीस बाई न कळवता आल्या. सिंकखालच्या कपाटाचं कुलूप सैल निघालं, बाकी ठीक. संध्याकाळी मासींनी तो अहवाल मी न मागता समोर ठेवला.

परवाना मोजत नाही अशाही गोष्टी आहेत. सकाळी दहा ते अकरा टीव्ही चालू असतो आणि त्यावर माझं काही चाललेलं नाही. दर्जा पाहणारी वेगळी व्यवस्था राज्यात आहे, पण ती ऐच्छिक; मासी तिच्या वाटेला गेल्या नाहीत. नवरात्रात त्या आठवडाभर सुट्टी घेतात आणि फी पूर्ण लागते. पण जेवताना त्या प्रत्येक घासागणिक बोलतात. लेक पाणी मागताना गुजरातीतून मागतो, नको असेल तेव्हा मराठीतून नको म्हणतो.

डिसेंबरमध्ये तो दोन वर्षांचा होईल, म्हणजे बाळांच्या हिशोबातून बाहेर, आणि सहांतलं एखादं मोठं मूल गेलं तर मासींकडे एका लहानग्याची जागा होईल. तिच्यासाठी आतापासून तीन फोन आलेत. त्यातला एक आमच्याच कॉम्प्लेक्समधून, काकूंकडच्या त्या पालथ्या झोपणाऱ्या बाळाच्या आईचा. तिला दुसरं होतंय.