गाडीचं छत कापून घेताना मी कसा फसलो

लिहावं की नाही यात सहा महिने गेले. पैसे गेल्यापेक्षा आपण बावळट ठरलो याचीच लाज जास्त. पण मागच्या आठवड्यात इथल्याच एका मराठी मुलाने विचारलं, "दादा, छत कापून घ्यायचंय, अमुक एक माणूस स्वस्तात करतो म्हणे." अमुक एक म्हणजे तोच. मग बसलोच लिहायला.

मी मूळचा कोल्हापूरचा, बरीच वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियात. इथून दोन-अडीच तासांवर मोहावी वाळवंटात एल मिराज नावाचं कोरडं तळं आहे. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही 1937 ची संस्था तिथे वेगाच्या शर्यती घेते. शर्यत म्हणजे शेजारी दुसरी गाडी नसते. तुम्ही, 1.3 मैलांची माती आणि शेवटी घड्याळ. याच लोकांचा मोठा सोहळा युटामधल्या बॉनव्हिल मिठागरावर 1949 पासून ऑगस्टमध्ये भरतो. तिथे जायचं स्वप्न होतं, म्हणून 1931 ची फोर्ड मॉडेल ए कूप (दोन दारांची बंद गाडी) घेतली. फोर्डने या मॉडेलच्या 48 लाखांवर गाड्या काढल्या, त्यामुळे ती अजूनही सामान्य माणसाच्या आवाक्यात येते.

आता छत का कापायचं? मॉडेल ए म्हणजे चाकांवरचं कपाट. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट. म्हणून छत पेलणाऱ्या खांबांमधून चार इंचांची पट्टी कापायची आणि छत खाली बसवायचं, म्हणजे हवेसमोर येणारं अंग कमी होतं. माझ्या ढोबळ हिशेबाने समोरचं क्षेत्रफळ सहा टक्के घटणार होतं. ताकद तेवढीच धरली तर वेग वाढणार दोन टक्के, म्हणजे ताशी 120 मैलांना जेमतेम अडीच मैल. बायकोने तेव्हाच विचारलं होतं, "अडीच मैलांसाठी साडेनऊ हजार डॉलर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

तो माणूस भेटला एका जुन्या गाड्यांच्या बाजारात. बोलायला गोड. त्याच्या फोनवर छत कापलेल्या डझनभर गाड्या, सगळ्या म्हणे त्यानेच केलेल्या. सौदा असा: छत चार इंच खाली, छताच्या मध्ये मुळात जो कापडी भाग असतो तिथे पोलादी पत्रा, आणि आत शर्यतीच्या नियमांप्रमाणे पाइपांचा पिंजरा, गाडी उलटली तर आतला माणूस वाचावा म्हणून. चार हजार उचल. "ॲपवरून मित्राला पाठवतोस असं दाखव, फी वाचेल," म्हणाला. वाचली खरी. पण तसं पाठवल्यावर ते ॲप हात वर करतं, हे मला नंतर कळलं. लेखी अंदाजपत्रक मागितलं तर हसला, "आपल्यात कागद कशाला?" इथल्या कायद्याप्रमाणे गाडीचं काम करणाऱ्याने आधी लेखी अंदाज द्यावा लागतो, आणि दुकानाची राज्याच्या ऑटोमोटिव्ह रिपेअर ब्युरोकडे नोंदणी आहे का हे घरबसल्या दोन मिनिटांत बघता येतं. मी ते बघितलं पैसे गेल्यावर.

मग दर शनिवारी फोटो यायला लागले. कापलेले खांब, क्लॅम्पवर बसवलेलं छत, निळ्या झालेल्या वेल्डच्या रेघा. मी खूश, कोल्हापूरला मामालाही पाठवायचो. मामाची हयात उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेली. तिसऱ्या फोटोवर त्याचा फोन आला. "ही तुझीच गाडी काय रे? मागं विटांची भिंत दिसतीय. तू तर म्हणालास त्याची शेड पत्र्याची हाय." मी म्हटलं, मामा, दुसऱ्या बाजूने काढला असेल. आणि त्याच संध्याकाळी पुढचे तीन हजार पाठवले. आता आठवलं की कानशिलं तापतात.

गाडी चार महिन्यांनी घरी आली, काळ्या प्रायमरमध्ये, लांबून झोकात. उरलेले अडीच हजार तिथेच दिले. त्यानंतर डावं दार लावायला गेलो तर ते लागेना. वरच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट, खाली पत्र्याला पत्रा घासतोय. "नवीन आहे, बसेल," असं सांगून तो ट्रेलर घेऊन गेलासुद्धा. कापण्याआधी आतून आडवे-तिरपे पाइप टाचून बॉडी घट्ट बांधून ठेवायची असते, नाहीतर छत निघालं की सांगाडा उमलतो. त्याने ते केलंच नव्हतं.

रात्री मामाला व्हिडिओ कॉल लावला. "चुंबक फिरव," म्हणाला. घरात चुंबक एकच, आईने पाठवलेलं, फ्रिजवरचं अंबाबाईचं. दारावर टपकन चिकटलं. खांबावर जिथे जोड असायला हवा तिथे लावलं, तर हळूच घसरून पायाशी पडलं. दुसऱ्या खांबावरही तेच. मामा गप्प झाला, मग म्हणाला, "पत्रा कुठाय ह्यात? सगळी लांबीच हाय की." लांबी म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. सकाळी पॉलिश पेपरने एक कोपरा घासला. बोटभर जाडीची लांबी निघाली, आणि तिच्याखाली एकावर एक चढवलेले दोन पत्रे, चार-पाच टाके मारून अडकवलेले. कडेला कड भिडवून सलग वेल्ड हवा, तिथे हे टाके. या छताखाली बसून मी ताशी 120 मैलांनी जाणार होतो!

पिंजऱ्याची कथा त्याहून वाईट. शर्यतीच्या नियमपुस्तकात 1⅝ इंच व्यासाचा, किमान 0.120 इंच, म्हणजे तीन मिलिमीटर जाडीचा पाइप सांगितलाय. बाहेरून सगळे पाइप सारखेच दिसतात. क्लबातले एक सत्तरीचे आजोबा घरी आले, एका पाइपला बारीक भोक पाडलं, आत वाकडी तार घालून जाडी मोजली. 0.065 इंच. आजोबांनी ड्रिल पेटीत ठेवलं आणि एवढंच विचारलं, "पैसे सगळे दिलेस?" वर आणखी एक: "छत कापलं तरी मूळ बॉडीच्याच वर्गात धावता येईल," असं त्या माणसाने छातीठोक सांगितलं होतं. साफ खोटं. छत कापलं की गाडी दुसऱ्या वर्गात जाते, जिथले विक्रम आपल्या बापजन्मी गाठता येणार नाहीत. हे पुस्तकात छापलेलं आहे. मी पुस्तक विकत घेतलं होतं, उघडलं नव्हतं.

स्मॉल क्लेम्स कोर्टात गेलो. तिथे 12,500 डॉलरपर्यंतचा दावा माणसाला स्वतःच लढवता येतो, वकील चालत नाही. तो माणूस तिथे म्हणाला, हे पैसे तर मित्राने दिलेत, ॲपवर तसं लिहिलंच आहे. तरी फोटो आणि ते भोक पाडलेलं पाइपाचं तुकडं कामी आलं, निकाल माझ्या बाजूने लागला. पण वसुली कोर्ट करत नाही, ती आपणच करायची. आतापर्यंत अठराशे आलेत.

गाडी आता आजोबांच्या ओळखीच्या एका वेल्डरकडे आहे. तो छत पुन्हा वर न्यायचं म्हणतोय. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "कापलेल्या पट्ट्या कुठे आहेत?" चांगला कारागीर त्या गाडीबरोबर परत देतो म्हणे. त्या माणसाने त्या केव्हाच भंगारात घातल्या होत्या. सध्या मी दर रविवारी भंगारात मॉडेल एचे खांब शोधत फिरतो. खिशात अंबाबाईचं चुंबक असतं.