सिम्फनीचा व्हॅलिडेटर: रिकाम्या व्हॅल्यू आणि ऑब्जेक्ट तपासायला कसा आहे?

पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत फॉर्ममधून आलेली व्हॅल्यू रिकामी आहे का बघायची तर बहुतेक जण डोळे झाकून एम्प्टी ही तयार तपासणी लावतात, आणि घोळ तिथंच सुरू होतो. एम्प्टीला '0' ही स्ट्रिंगसुद्धा रिकामी वाटते, म्हणजे कुणी 'घरात लहान मुलं किती' या रकान्यात शून्य भरलं की त्यानं काही भरलंच नाही असं धरलं जातं. ऑब्जेक्टचं बरोबर उलटं, तो आतून कितीही पोकळ असू दे, एम्प्टी म्हणणार भरलेलाय. मोकळा अ‍ॅरे रिकामा, पण तोच अ‍ॅरेऑब्जेक्टमध्ये घातला की रिकामा नाही! नवीन मुलांना हे समजावताना नाकी नऊ येतात. म्हणून आम्ही आता सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कचा व्हॅलिडेटर, म्हणजे आलेला डेटा नियमांनुसार तपासणारा भाग, वापरतो. मला तो मनापासून आवडलाय, पण काही गोष्टी आधी माहिती नसतील तर फसायला होतं, त्यासाठी सविस्तर लिहितोय.

आधी हे सांगतो की त्यासाठी अख्खं सिम्फनी घ्यावं लागत नाही. कंपोझरनं (पीएचपीची पॅकेजं टाकायचं साधन) नुसतं हे एक कंपोनंट टाकलं तरी चालतं, एमआयटी लायसन्स आहे, पैसे वगैरे काही नाहीत. कल्पना जावाच्या जेएसआर 303 बीन व्हॅलिडेशन या स्टँडर्डवरून घेतलीय, म्हणजे नियम कंट्रोलरमध्ये इफ-एल्स करत न बसता क्लासच्या प्रॉपर्टीवरच लिहायचे. पीएचपी 8 मध्ये कोडलाच जोडायच्या टिपा, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट आले आणि सिम्फनी 5.2 पासून नियम तसे लिहिता येतात, त्यामुळं क्लास उघडला की काय चालतं आणि काय नाही ते समोरच दिसतं.

आता मुख्य मुद्दा. इथं नॉटनल आणि नॉटब्लँक असे दोन वेगळे नियम आहेत आणि दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नॉटनल फक्त नल (व्हॅल्यूच नाही) अडवतो, मोकळी स्ट्रिंग खुशाल सोडतो. नॉटब्लँक नल, मोकळी स्ट्रिंग, मोकळा अ‍ॅरे आणि फॉल्स एवढं सगळं अडवतो, शून्य मात्र सोडतो, आणि हे मला फार बरं वाटलं कारण शून्य हे उत्तर आहे. पण फॉल्स अडवतो हे लक्षात ठेवा! एपीआयमधून 'अ‍ॅक्टिव्ह: फॉल्स' आलं आणि प्रॉपर्टीवर नॉटब्लँक असला तर एरर येणार, बुलियनला (ट्रू किंवा फॉल्स असलेल्या प्रॉपर्टीला) नॉटनलच लावायचा. दुसरं म्हणजे नुसत्या स्पेस भरलेलं नाव नॉटब्लँकमधून आरामात पास होतं, त्याला नॉर्मलायझर (तपासण्याआधी व्हॅल्यू साफ करणारं फंक्शन) म्हणून ट्रिम द्यावं लागतं (4.4 पासून सोय आहे). वर्डमधून कॉपी केलेली नॉन-ब्रेकिंग स्पेस साध्या ट्रिमला दिसत नाही, पीएचपी 8.4 असेल तर तिथं एमबी-ट्रिम द्या.

कलेक्शनचं तर अजून वेगळं. डॉक्ट्रिन या डेटाबेस लायब्ररीचं अ‍ॅरेकलेक्शन हा ऑब्जेक्ट आहे, त्यामुळं आत एकही आयटम नसला तरी नॉटब्लँकला ते भरलेलंच वाटतं. तिथं काउंट लावून मिनिमम 1 द्यायचं.

आणि सगळ्यात जास्त फसवणारा नियम म्हणजे व्हॅलिड. समजा ऑर्डरच्या क्लासमध्ये पत्ता हा वेगळा ऑब्जेक्ट आहे, पत्त्याच्या क्लासमध्ये पिनकोडवर नॉटब्लँक आहे, आणि ऑर्डरमध्ये पत्त्यावर तुम्ही व्हॅलिड लावलंय म्हणजे आतपर्यंत जाऊन तपास. पिनकोड मोकळा आला तर बरोबर पकडतो. पण पत्ताच आला नाही, म्हणजे प्रॉपर्टी नल असली, तर व्हॅलिड काहीच बोलत नाही, कारण आत जायला ऑब्जेक्टच नाही! ऑर्डर पास होते, पुढं कुणीतरी पत्त्यातून पिनकोड वाचतो, पीएचपी 8 नुसती वॉर्निंग देऊन नल परत देतं आणि पिनकोडशिवाय लेबल छापून निघतं. कुणी नलसेफ ऑपरेटर (नलवर गुपचूप नलच देणारा) वापरला असेल तर ती वॉर्निंगही येत नाही. व्हॅलिड आणि नॉटनल ही जोडी कायम एकत्र लावा. टाइप दिलेल्या प्रॉपर्टीला अजून व्हॅल्यूच मिळाली नसेल तर हा व्हॅलिडेटर एरर न फेकता ती नल धरतो, त्यामुळं तिथंही नॉटनलच कामी येतो.

ईमेलचा नियमही मोकळी स्ट्रिंग सोडून देतो. सुरुवातीला विचित्र वाटतं, पण विचार केला की पटतं, ईमेल ऐच्छिक असेल तर हेच पाहिजे असतं आणि सक्तीचा असेल तर सोबत नॉटब्लँक लावायचा.

चुका सांगायची पद्धत मात्र एक नंबर. पहिल्या चुकीवर थांबत नाही, सगळ्या एकत्र देतो आणि प्रत्येकीसोबत रस्ता देतो, म्हणजे पत्त्यातला पिनकोड की तिसऱ्या आयटमची संख्या हे नेमकं कळतं, फ्रंटएंडवाल्याला तोच चौकोन लाल करता येतो. मेसेज मराठीत लिहिता येतात, 'पत्ता भरा' असं सरळ. सिम्फनी 6.3 किंवा त्यापुढचं पूर्ण वापरत असाल तर मॅपरिक्वेस्टपेलोड हे अ‍ॅट्रिब्यूट जेसनवरून ऑब्जेक्ट बनवून तपासूनच कंट्रोलरला देतं, चूक असली तर 422 हा एचटीटीपी एरर कोड परत जातो.

लॅराव्हल या दुसऱ्या पीएचपी फ्रेमवर्कवाल्यांनी यासाठी धावपळ करायची गरज नाही. तिथला रिक्वायर्ड हा नियम मोकळं काउंटेबल (आतले आयटम मोजता येणारं) ऑब्जेक्टही पकडतो आणि मोकळ्या स्ट्रिंगचं नल करणारं मिडलवेअर तयारच मिळतं. पण साधं पीएचपी असेल, जुना प्रोजेक्ट असेल, डेटा ऑब्जेक्टच्या आत ऑब्जेक्ट असा येत असेल तर बिनधास्त घ्या, माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला तो व्हॅलिडच्या त्या नलवाल्या वागण्यासाठी, निदान एखादा ऑप्शन तरी द्यायला हवा होता.

मराठी नावं घेणाऱ्यांसाठी अजून एक: लेंग्थचा नियम कोडपॉइंट मोजतो, म्हणजे वेलांट्याही वेगळ्या धरतो, म्हणून 'नितीन' पाच भरतं. 6.3 पासून काउंटयुनिट ग्राफीम्स (डोळ्यांना दिसणारी अक्षरं) केलं की तीन मोजतो.