लिटमस की जास्वंद: जूनपूर्वीची तयारी

जूनच्या मध्यावर शाळा उघडण्यापूर्वी आम्ल आणि आम्लारींच्या पाठासाठी दुकानातून लिटमस पट्ट्या आणाव्यात, की हळदीच्या व जास्वंदीच्या पट्ट्या स्वतः कराव्यात, हे विज्ञान शिक्षकाने आधीच ठरवलेले बरे.

लिटमसचा भरवसा मोठा आहे. निळी पट्टी आम्लात तांबडी आणि तांबडी पट्टी आम्लारीत निळी होते, त्यामुळे दहावीच्या प्रात्यक्षिकासाठी मी तीच निवडेन. तिचा रंगही मुळात लायकेनपासून, म्हणजे आपल्या मसाल्यातील दगडफुलाच्या जातकुळीतून येतो, हे मुलांना अवश्य सांगावे. पावसाळ्यात मात्र डबी घट्ट बंद ठेवावी लागते.

हळदीची पट्टी साबणाच्या पाण्यात तांबूस होते, पण लिंबाच्या रसात पिवळीच राहते. म्हणजे आम्ल आणि साधे पाणी यांतील फरक ती दाखवत नाही. ही उणीव जास्वंद भरून काढते. लाल पाकळ्या गरम पाण्यात ठेवून गाळलेल्या अर्कात लिंबू पिळले की गडद गुलाबी आणि खाण्याचा सोडा घातला की हिरवट रंग येतो. हा बदल स्वतः तोडून आणलेल्या फुलातून घडताना पाहिलेले मूल दर्शक, म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी हे दाखवणारा पदार्थ, काय असतो हे सहसा विसरत नाही, म्हणून सातवीपर्यंतच्या वर्गांत माझा कौल निःसंशय जास्वंदीला आहे. अर्क लवकर खराब होतो. तो तासाच्या दिवशीच ताजा करावा.