री-व्होल्ट: आठ महिने रोज रात्री

गेल्या दिवाळीत भाच्याच्या हट्टावरून जुन्या लॅपटॉपवर री-व्होल्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम टाकला, आता आठ महिने होत आले. गेम 1999चा. काढणारी अ‍ॅक्लेम कंपनी 2004 मध्ये बंद पडली, पण चाहत्यांनी आरव्हीजीएल नावाची नवी आवृत्ती घडवली आणि ती आजच्या विंडोजवर, लिनक्सवर, अँड्रॉइडवरही चालते. आमच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तरी एकदाही अडखळला नाही.

गाड्या रिमोटच्या, खेळण्यातल्या. कॅमेरा जमिनीलगत धावतो, त्यामुळे फुटपाथची कड भिंतीएवढी दिसते आणि सुपरमार्केटच्या मांडण्या इमारतींसारख्या अंगावर येतात. तो ट्रॅक खेळून दुसऱ्या दिवशी मी इंदूरच्या सियागंज बाजारात किराणा आणायला गेलो, तर पोत्यांमधल्या फटी बघत उभा राहिलो. इथून गाडी निघेल का, हाच विचार!

गाड्यांना वजन आहे, ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. हलकी गाडी छोट्याशा दगडानेही उडते, जड गाडी वळायला वेळ घेते पण टक्कर झाली की समोरच्याला बाजूला सारते. पहिले पंधरा दिवस मी आरसी बँडिटच चालवली आणि प्रत्येक वळणावर उलटलो. ब्रेक न मारता नुसता अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, हे हाताला कळलं तेव्हा कुठे पहिला नंबर आला. रोटर नावाची गाडी मात्र उलटी झाली तरी धावत राहते. ती मिळाली तेव्हा भाचा सोफ्यावर उभाच राहिला.

शस्त्रं साधी आहेत: रॉकेट, तेलाचा ओघळ, पाण्याचे फुगे, मागे सोडायचा लोखंडी गोळा. खरी धमाल बॉम्बची. तो स्वतःच्याच गाडीला चिकटतो आणि फुटायच्या आत दुसऱ्या गाडीला धडकून तिच्या गळ्यात घालावा लागतो. मग शर्यत राहते बाजूला, सगळेच एकमेकांपासून पळतात. स्क्रीन वाटून चौघं खेळतो तेव्हा "मामा, तू माझ्याकडे येऊ नकोस!" हे शेजारच्या काकूंनाही ऐकू जातं. पंचाहत्तरीची आमची आई शर्यतीत नसते, पण बॉम्ब कुणाकडे आहे हे तीच ओरडून सांगते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: गाड्या चेपत नाहीत, तुटत नाहीत. पत्रा वाकलेला, बंपर लोंबतोय, असं बघायला मिळेल म्हणून कुणी घेतला तर त्याची निराशा होईल. स्फोटाने गाडी हवेत गिरक्या घेते आणि पुन्हा धडधाकट उभी राहते. आठ वर्षांच्या मुलासोबत खेळायला मला हेच बरं वाटलं. त्याच्यासाठी गाडी चालवणं सोपं करणारा ज्युनियर आरसी मोडही आहे, तिथूनच सुरुवात करा.

गेमपॅड मात्र चांगला घ्या. आम्ही बाजारातून स्वस्तातला आणला, दोन महिन्यांत त्याची डावी कांडी आपोआप एका बाजूला ओढू लागली. संग्रहालयाच्या दुसऱ्या ट्रॅकवर त्या कांडीने मी सतरा वेळा हरलो. नव्या पॅडवर तिसऱ्याच प्रयत्नात जिंकलो, आणि त्या रात्री सराफ्यातली गरम जिलेबी माझ्याकडून झाली.