२२००चे तीन लिपो, सव्वा वर्ष आणि एक पांढरा प्लग

गेल्या रविवारी पहाटे माझ्या रिमोटवरच्या विमानाचा लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरीचा पॅक) लावला तर चार्जरवर 'कनेक्शन ब्रेक' आलं आणि तो टीटी करत बसला. सोलापुरात मे महिन्यात विमान उडवायचं तर सहा ते साडेसात एवढाच वेळ हाती असतो, मग ऊनही सोसत नाही आणि वाराही. तो अख्खा वेळ गेला. पॅक हातात घेऊन बघितलं तर बॅलन्सच्या, म्हणजे प्रत्येक सेल वेगळा मोजून सारखा भरण्यासाठीच्या, चार तारांपैकी दुसरी पांढऱ्या प्लगच्या तोंडाशीच तुटलेली. वरचं रबर शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. बोटाने दाबून धरली की पहिल्या दोन सेलचे आकडे बरोबर, बोट काढलं की भलतेच.

आणि हा माझा महागाचा पॅक! ३एस (एकापुढे एक तीन सेल), २२०० एमएएच (साठा), ४५सी (किती जोरात करंट देईल त्याचा आकडा), २७०० रुपये मोजून घेतलेला.

माझं विमान साधं फोमचं ट्रेनर आहे: २२१२ मापाची हजार केव्ही (व्होल्टमागे मिनिटाला हजार फेरे) मोटर, दहा इंची प्रॉप (पंखा), तीस अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर). गेल्या वर्षी फेब्रुवारीत दोन २५सी पॅक घेतले, प्रत्येकी १६५०चे. जुलैमध्ये त्यातला एक फुगला. टेबलावर ठेवला की पाटावरच्या भाकरीसारखा डुलायचा. 'स्वस्तातलं ते स्वस्तातलंच' असं मी दोन-चार जणांना सांगूनही टाकलं आणि ऑक्टोबरमध्ये हा ४५सी आणला.

ते म्हणणं मी आता मागे घेतो. वही काढून तारखा जुळवल्या तेव्हा उलगडा झाला. जूनमध्ये पाऊस लागला त्या दिवशी एक पॅक उडवून झाला होता, तो सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास कपाटात गेला. दुसरा ४.२ला पूर्ण भरलेला तसाच पाच आठवडे पडून राहिला, आणि फुगला तो हाच. एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेले दोन पॅक. न फुगलेला आजही सपाट आहे, जवळपास सत्तर उड्डाणं झाली त्याची. तेव्हा दोष पॅकचा नव्हता, भरून ठेवण्याचा होता. आता उडवणं रद्द झालं की त्याच संध्याकाळी चार्जर स्टोरेज मोडवर लावतो, म्हणजे सेल ३.८च्या आसपास येऊन थांबतात.

'सी'च्या आकड्याचंही तेच. २५सी म्हणजे कागदावर २.२च्या २५ पट, ५५ अँपिअर, ४५सी म्हणजे ९९. वॉटमीटर लावून पूर्ण थ्रॉटल दिला तर माझी मोटर १७ अँपिअर ओढते. छापील आकडा फुगवलेला असतो असं धरून निम्माच खरा मानला, तरी २५सी मला पुरून उरतो. वजन मात्र स्वयंपाकघरातल्या काट्यावर १७८ ग्रॅमचं २०४ झालं, नाक जड झालं आणि पॅक दीड सेंटीमीटर मागे सरकवावा लागला. वेळेत काहीच फरक नाही: नऊ मिनिटं उडवून उतरलो की दोन्ही पॅकमध्ये पंधराशेच्या आसपास एमएएच परत भरतात. हजार रुपये जास्त घालून मी सव्वीस ग्रॅम ओझं विकत घेतलं.

बरं, तारेचं काय? स्वस्त पॅकच्या बॅलन्स तारा मऊ सिलिकॉनच्या आहेत आणि प्लगवर एक पारदर्शक क्लिप आहे. काढताना बोटं क्लिपला धरतात, तारांना ताण बसत नाही. महागाच्या पॅकला क्लिप नाही, आणि तारा ताठ, आखूड. तो छोटासा प्लग चार्जरमध्ये घट्ट बसतो, मग माणूस तारांनाच धरून ओढणार. दुकानदाराला फोटो पाठवले, तर उत्तर आलं: "तार तुम्ही ओढली, वॉरंटीत बसत नाही." मी विचारलं, धरायला दुसरं काय दिलंय? त्यावर उत्तर नाही. अजूनही नाही. पाच-दहा रुपयांच्या क्लिपसाठी २७०० रुपयांचा पॅक अडून बसावा, याचा मला मनापासून राग आहे.

बॅलन्स न करता चार्ज करा, असंही एकाने सुचवलं. मुळीच करू नका. एखादा सेल ४.२च्या वर गेला तर चार्जरला ते कळणारच नाही, तो नुसती बेरीज १२.६ झाली का ते बघेल.

शेवटी घरीच दुरुस्त केला. प्लगचं चार पिनांचं नवं प्लास्टिकचं घर आणि तारांच्या टोकाची धातूची टर्मिनल चाळीस रुपयांच्या आत मिळाली. सुईने जुन्या घरातला खटका दाबून एका वेळी एकच तार सोडवली, तिला नवं टर्मिनल दाबून बसवलं, नव्या घरात सारली, मगच पुढची. चारही तारा एकदम कापल्या आणि दोन टोकं चिकटली तर थेट शॉर्ट. वर क्लिप चढवली आणि तारांच्या मुळाशी ग्लू-गनचा थेंब सोडला.

काल रात्री २.२ अँपिअरवर चार्ज केला, समोर बसून. ४.२०, ४.१९, ४.२०. पुढचा पॅक मात्र २५सीच मागवलाय, तो क्लिपवाला.